रजा नको, निवृत्ती तर नकोच

लग्न लावणं ही कला आहे, हे आमच्या कार्यालयात मी सोडून कुणालाच पटलेलं नाही.

मी विवाह नोंदणी अधिकारी. म्हणजे दोन माणसं आपापले साक्षीदार घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहतात, मी काळा कोट चढवून त्यांना कायद्याने ठरवून दिलेले प्रश्न विचारते, ती 'हो' म्हणतात, सह्या करतात आणि नवराबायको होऊन बाहेर पडतात. हेच काम शेजारच्या खोलीतले माझे सहकारीही करतात. पण त्यांना आम्ही 'भरधाव' म्हणतो, यातच सगळं आलं. ते मजकूर असा वाचतात की पूर्णविराम येईपर्यंत जोडप्याला आपण नक्की कशाला 'हो' म्हटलं तेच कळत नाही. एकदा तर त्यांनी नवरदेवाऐवजी साक्षीदाराकडे बघून प्रश्न विचारला आणि तो बिचारा घाबरून 'हो' म्हणून बसला. माझं तसं नाही. मी शब्द न् शब्द सावकाश उच्चारते. 'स्वखुशीने' या शब्दानंतर तर मी असा काही थांबते, की त्या शांततेत एक नवरदेव खरोखरच विचारात पडला होता. (ते लग्न झालं. काळजी नसावी.)

हे सांगायचं कारण, माझा घात त्या थांबण्यानेच केला.

त्या दिवशी समोर एक दातांची डॉक्टर आणि एक विमा एजंट असं जोडपं होतं. मी म्हटलं, "आपण दोघं स्वखुशीने..." आणि थांबले. थांबले ती थांबलेच. छातीच्या खाली कुठेतरी कुणीतरी शेगडी पेटवली आणि वर भाता मारायला सुरुवात केली. झळ गळ्यापर्यंत आली, कानांत शिरली, टाळूला जाऊन भिडली. चेहरा लालबुंद. कपाळावरून घामाची धार. आणि नजर हलवायचंही सुचेना म्हणून मी आपली एकटक नवरदेवाकडे बघत राहिले.

नवरीने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग परत माझ्याकडे.

"तू आधी कधी इथे आला होतास?" तिने त्याला विचारलं.

"मी? छे! म्हणजे... काल आलो होतो. पत्ता बघायला."

"काल? मला नाही बोललास ते!"

"अगं, पत्ता बघायला येणं ही काय सांगायची गोष्ट आहे?"

"मग या बाई तुला बघून अशा का झाल्या?"

मी हात हलवून 'तसं काही नाही' म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसतीच वाफ निघाली. नवऱ्याची आई साक्षीदाराच्या कानात म्हणाली, "बाईंना काहीतरी ठाऊक आहे." लग्न लागलं, पण जाताना ती सगळी मंडळी माझ्याकडे अशी वळून वळून बघत होती, की जणू मी पोलिसांकडे साक्ष द्यायची टाळली होती.

खरं तर अशा झळा अधूनमधून पूर्वीपासून येत होत्या. मी त्या उन्हाच्या नावावर खपवत होते. पण आता त्या कामाच्या वेळा पाळून येऊ लागल्या. जोडीला रडू. एका लग्नात नवरदेवाच्या बुटाची नाडी नवरीने वाकून बांधली, एवढ्याशा गोष्टीवर मी हुंदका दिला. आणि जोडीला विसरणं. एकदा 'साक्षीदार' हा शब्दच आठवेना. "ते बघणारे तिघं पुढे या," असं मी म्हटलं, तेव्हा भरधाव दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. आमचे हे सकाळी उठायचे ते कानटोपी, मफलर आणि दोन पांघरुणांतून, कारण घरातल्या सगळ्या दारंखिडक्या मी सताड उघड्या टाकलेल्या असायच्या. एवढं होऊनही ते माणूस म्हणून इतके सज्जन, की फक्त एवढंच म्हणाले, "अगं, पाव्हणे आले तर त्यांना निदान आधी कळवूया. स्वेटर घेऊन येतील."

सासूबाई मात्र एका वाक्यात प्रकरण मिटवत. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणजे फुकट सल्ल्यांची पाणपोई. त्या जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "अळशी खा." दुसऱ्या दिवशी, "अळशी बंद कर, गरम पडते." तिसऱ्या दिवशी, "मन कशात तरी रमव. माझ्या चुलतजावेने मातीची भांडी करायला घेतली. झळा गेल्या." मी विचारलं, कायमच्या? "तसं नाही," काकू म्हणाल्या, "पण तिच्याकडे भांडी खूप झाली."

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती पोहायला शिकवते. चाळिशी ओलांडून बरीच वर्षं झाली तरी लग्नाचं नाव काढू देत नव्हती. आता चष्म्याचा नंबर वाढला म्हणून एका दुकानात गेली आणि दुकानदारच पसंत करून आली.

"ताई, पुढच्या महिन्यात लग्न करतेय. आणि ऐक, लग्न तूच लावायचंस. त्या धावत्या माणसाच्या हाती मी जाणार नाही."

"अगं, नियमात बसतं का बघते..."

"बसतं. मी विचारलंय. साक्षीदार तेवढे घरचे नकोत. आणि तू मध्ये थांबतेस ना, तो थांबा मला पाहिजे. आयुष्यभर तुझ्या तोंडून ऐकलंय त्याच्याबद्दल."

मला एवढा अभिमान वाटला की तिथल्या तिथे झळ आली. पण फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. बहिणीच्या लग्नात मी अशी पेटले, विसरले, रडले तर? काहीतरी करायला हवं होतं. आणि मी विचार केला, सोप्यापासून सुरुवात करावी. माझ्या खोलीची खिडकी उघडून घ्यावी.

ही खिडकी माझ्या खुर्चीच्या अगदी मागे आहे. पण कार्यालय वातानुकूलित झालं तेव्हा रंगाऱ्याने तिच्यावर चौकटीसकट रंगाचे थरावर थर चढवले, आणि तेव्हापासून ती खिडकी कमी आणि भिंत जास्त आहे. टेबलावर पंखा लावून बघितला होता, तेव्हा एका लग्नाचे कागद थेट भरधावांच्या खोलीत उडून गेले आणि त्यांनी त्यावर दुसऱ्याच जोडप्याच्या सह्या घेतल्या. ते निस्तरताना नाकी नऊ आले. तेव्हा खिडकीच बरी.

देखभाल विभागाकडे मी अर्ज केला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'उकडते.'

देखभाल विभागाचे इंजिनियर तापमापक घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, कपाटावर ठेवलं, खिडकीला टेकवलं. माझ्या खोलीतली कारकून मुलगी अंगावर शाल घेऊन टाइप करत होती, तिच्याकडे बघितलं. मग घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे बघितलं. आणि मान हलवली. "बाई, खोलीला काही झालेलं नाही."

त्यांचा शेरा मी वाचला तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. 'उकाडा अर्जदारापुरता मर्यादित आहे.'

इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, हजारोंचे संसार मांडून दिले, आणि कार्यालयाच्या दफ्तरी माझी नोंद काय, तर स्थानिक उकाडा! त्या रागातच मी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

डॉक्टरबाई चटपटीत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'वयानुसार होतं' म्हणाल्या नाहीत, तिथेच माझी अर्धी झळ उतरली.

"पाळी बंद होऊन किती झालं?"

"वर्ष उलटून गेलं."

"म्हणजे रजोनिवृत्ती झाली. आता ऐका. अंडाशयं इस्ट्रोजेन बनवायचं जवळजवळ थांबवतात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, ती त्यामुळे फार हळवी होते. अंग जरासं गरम झालं तरी तिला वाटतं, आग लागली. मग ती कातडीतल्या रक्तवाहिन्या सताड उघडते, घाम सोडते, छाती धडधडवते. तुम्ही लाल होता. थोड्या वेळाने तिला कळतं की आग नव्हती. मग तुम्हाला हुडहुडी भरते."

"आमच्या कार्यालयाच्या अगदी उलट," मी म्हटलं. "तिथे खरी आग लागली तरी आधी अर्ज करावा लागेल."

"झोप नीट लागत नाही?"

"नाही."

"मग विसरणं आणि रडू यायला वेगळं कारण शोधायला नको. तेही यातलंच. सांधे दुखतात? खाली कोरडेपणा, जळजळ? लाजू नका, हे सगळं एकाच घरातलं बिऱ्हाड आहे."

मी लाजले नाही. जे होतं ते सगळं सांगितलं. आणि मग मला जे विचारायचं होतं तेही विचारलं. "हा आजार आहे का हो?"

"नाही. पण त्रास आहे, आणि त्रासावर उपाय आहे. दात येणं हा काही आजार नसतो, म्हणून काय बाळाने रडायचं नाही?"

त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कुणाला रक्ताच्या गुठळ्या, मला यकृताचं काही, असं खोदून खोदून विचारलं. हार्मोनचे उपचार सगळ्यांना चालत नाहीत, ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत, हेही सांगितलं. मला चालत होते. कातडीवर चिकटवायची एक इवलीशी पट्टी, तिच्यातून इस्ट्रोजेन. गर्भाशय शाबूत आहे म्हणून त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालणं, वजनं उचलणं आणि कॅल्शियम. "आणि मधेच रक्त दिसलं, तर 'परत तरुण झाले' म्हणून खूश होत बसू नका. सरळ माझ्याकडे या. फरक पडायला काही आठवडे जातील. तोवर सुती कपडे घाला, आणि कामाच्या जागी स्पष्ट सांगा की हे काय आहे. आडून आडून बोललं की लोक आडूनच ऐकतात."

पट्टीची गंमत अशी, की पहिलीच पट्टी घामाने सुटली आणि सापडेचना. घर पालथं घातलं. संध्याकाळी आमचे हे ऑफिसातून आले, तेव्हा ती त्यांच्या मोज्याला चिकटलेली निघाली. वरच्या काकू म्हणाल्या, "आता दोन दिवस त्यांच्याशी गोड बोल, हळवे होतील." पुढची पट्टी मी कोरड्या अंगावर, नीट दाबून लावायला शिकले.

तर कामाच्या जागी स्पष्ट सांगायचं होतं. मी खिडकीसाठी नवा अर्ज केला. विषयात 'मागील अर्जाप्रमाणे' एवढंच लिहिलं. 'कारण' या रकान्यात, माझ्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं, 'रजोनिवृत्ती.' एवढा मोठा शब्द, एवढा खणखणीत. लिहिल्यावर मी तो दोनदा वाचला. अर्ज आवक-जावक विभागात नेऊन दिला आणि ताठ मानेने परत आले.

आवक-जावकचे कारकून फार मायाळू गृहस्थ आहेत. लोकांच्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका ते स्वतःच्या पेनाने दुरुस्त करतात. त्यांनी माझा अर्ज वाचला. शब्द कधी ऐकलेला नव्हता. 'बाई घाईत असणार,' त्यांना वाटलं. आणि त्यांनी प्रेमाने दुरुस्ती केली. 'रजा, निवृत्ती.'

आता रजा आणि निवृत्ती मागणारा अर्ज देखभाल विभागाकडे कशाला जाईल? तो गेला आस्थापना विभागाकडे. आणि खिडकीची फाइल गोगलगायीसारखी सरकते, पण निवृत्तीच्या फाइलला मात्र पंख फुटतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक अधिकारी आपण होऊन खुर्ची सोडतोय म्हटल्यावर फाइलवर ज्याने त्याने हसत हसत सही केली.

मला दिसत होतं ते एवढंच, की लोक अचानक फार चांगले वागायला लागले आहेत. कॅशियरबाई येऊन हात हातात घेऊन गेल्या. "तुमच्याशिवाय कसं होईल हो," म्हणाल्या. मला वाटलं, झळ आल्यावर मी खोलीबाहेर जाते त्याबद्दल बोलतायत. भरधाव येऊन माझ्या खुर्चीची उंची बघून गेले. मोठे साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, जिन्यात थांबून म्हणाले, "बाई, निर्णय धाडसी आहे. पण वेळेवर घेतलात." मला वाटलं, खिडकीचं चाललंय. मी नम्रपणे म्हटलं, "साहेब, फार आधी घ्यायला हवा होता."

आणि यावर कडी म्हणजे एक शुभेच्छापत्र सही करायला फिरत होतं. जुन्या फायली सांभाळणारे आमचे म्हातारे दप्तरी निवृत्त होणार अशी कुजबुज बरेच दिवस होती, तेव्हा ते त्यांचंच असणार, असं मी धरून चालले. आत न बघता मीही लिहिलं, 'पुढील आयुष्य सुखाचे आणि थंडाव्याचे जावो,' आणि खाली झोकात सही ठोकली.

सोमवारी दुपारी सभागृहात बोलावणं आलं. खिडकीची सुनावणी, असं समजून मी हवेशीर खोल्यांचे फायदे या विषयावर चार मुद्दे तयार करून गेले. आत सगळं कार्यालय जमलेलं. फुलांचा गुच्छ, कागदात बांधलेलं मोठं गाठोडं. दप्तरी पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "अभिनंदन हं!"

ते म्हणाले, "तुमचंच आहे ते!"

मोठे साहेब उठले. "आज आपण अशा व्यक्तीला निरोप देत आहोत, जिने स्वतःहून निवृत्ती मागितली. बाईंनी लिहिलेलं कारण फार बोलकं आहे. रजा, आणि मग निवृत्ती. किती सुसंगत विचार! त्यांची जागा याच महिनाअखेरीस..." आणि त्यांनी भरधावांकडे हात केला. भरधाव लाजले.

गाठोडं माझ्या मांडीवर ठेवण्यात आलं. त्यात लोकरीचं जाडजूड पांघरूण होतं.

महिनाअखेर. बहिणीचं लग्न त्यानंतरच्या आठवड्यात. ते लावणार भरधाव. माझ्या बहिणीने एवढी वर्षं वाट बघून एक माणूस निवडला, आणि तिला 'हो' म्हणायलाही नीट वेळ मिळणार नव्हता. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि तेवढ्यात, मांडीवर लोकरीचं पांघरूण असताना, शेगडी पेटली.

लोक समजले, बाईंना गहिवरून आलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. पांघरूण दप्तरींच्या मांडीवर ठेवलं. कोट काढला.

"साहेब, मी रजा मागितलेली नाही. निवृत्ती तर मुळीच नाही. मी लिहिलं होतं, रजोनिवृत्ती."

साहेबांनी छताकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी बुटांकडे बघितलं.

"बाई, हा विषय आपण खाजगीत..."

"खाजगीतच होता साहेब. तुम्ही निरोप समारंभ केलात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबले नाही. इतकी वर्षं लोकांना अवघड प्रश्न ठणठणीत आवाजात विचारायची सवय आहे मला, ती त्या दिवशी कामाला आली. मी सांगितलं, "माझ्या अंडाशयांनी काम थांबवलंय, मी नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे मेंदूतली एक जागा उगीचच आग लागल्याची आरोळी ठोकते, म्हणून मी आत्ता अशी लाल दिसतेय. ही झळ थोडा वेळ राहील आणि जाईल. मी उपचार घेतेय. या सगळ्यात मी एकाही लग्नाला नाही म्हटलेलं नाही. मला फक्त एक खिडकी हवी आहे."

मग मागून कॅशियरबाई उठल्या. "माझे हिशोब संध्याकाळी चुकायला लागलेत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं मी म्हातारी होतेय. तीन वर्षं कुणाला बोलले नाही." त्यांच्याशेजारच्या नकलांच्या विभागातल्या बाई बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मी दिवसातून दोनदा पाण्याच्या कूलरला मिठी मारते. तुम्ही सगळे समजता मला तहान लागते." आता हसू फुटलं, पण ते माझ्यावर नव्हतं. ते आमचं होतं.

आवक-जावकचे कारकून रडवेले होऊन म्हणाले, "बाई, मला वाटलं 'ओ' चुकून पडलाय."

"तो 'ओ'च महत्त्वाचा आहे हो," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, "पण आदेश निघालाय."

"मग मागे घ्या."

आस्थापनाचे प्रमुख खाकरले. "मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागेल. साहेबांच्या हस्ताक्षरात."

साहेबांनी पेन काढलं. "लिपिकाची चूक, असं लिहू?"

"नाही. त्या मायाळू माणसावर कशाला टाकता? खरा शब्द लिहा."

साहेब कागदावर वाकले. 'रज' इथपर्यंत गेले आणि थांबले. मग सगळ्यांदेखत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "यातला 'जो' ऱ्हस्व की दीर्घ?"

"'ओ'ला ऱ्हस्वदीर्घ नसतं साहेब. ठणठणीत काढा."

त्यांनी काढला. आणि खरं सांगायचं तर, अक्षर चांगलं आलं.

पांघरूण परत घेणार कोण? मी ते घरी आणलं. सासूबाईंना सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, आता त्या म्हणणार, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं.' पण त्या पांघरुणावरून नुसता हात फिरवत बसल्या.

"सगळ्यांसमोर बोललीस?"

"हो, आई."

"पुरुषांसमोर?"

"साहेबांकडून लिहून घेतलं."

त्यांनी पांघरुणाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "मी मोरीत जायचे. दार लावून घ्यायचे आणि गार भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. सगळे म्हणायचे, हिचं डोकं तापट झालंय. मला वाटायचं, वेड लागतंय मला. कुणाला विचारणार? शब्दच ठाऊक नव्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय म्हणतात म्हणालीस? परत सांग बरं."

मी सांगितलं. त्यांनी तो तीनचारदा म्हणून बघितला, जिभेवर घोळवला, आणि त्यानंतर त्यांना कुणी आवरू शकलेलं नाही. वरच्या काकू अळशीचं बोलायला आल्या, तर सासूबाईंनी त्यांना दारातच इस्ट्रोजेन समजावून सांगितलं.

खिडकी उघडली. म्हणजे छिन्नी आणि हातोडी घेऊन दोन माणसं आली, रंगाच्या थरांखालून ती एकदाची 'कर्रर' करून सुटली, आणि आता ती बंद होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगितलंय. मी काही घाई करणार नाही.

बहिणीच्या लग्नाचा दिवस उजाडला तोवर पट्टीचा गुण यायला लागला होता. झळा विरळ झाल्या होत्या, झोप परत येऊ लागली होती. पण झळा पूर्ण गेल्या नव्हत्या. आणि ज्या उरल्या होत्या त्यातली एक, चष्मेवाले जावईबापू 'हो' म्हणण्यासाठी तोंड उघडत असतानाच आली.

या वेळी मी नुसती बघत राहिले नाही. हात वर केला. "थांबा. मला रजोनिवृत्तीची झळ आली आहे. नवरदेवाच्या पूर्वायुष्याशी तिचा काहीही संबंध नाही. सगळ्यांनी बसून घ्या. ही गेली की लग्न लागेल."

आणि सगळे बसले. सासूबाईंनी शेजारच्या माणसाला लगेच माहिती द्यायला सुरुवात केली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर गाड्या वाजत होत्या, वारा सरळ मानेवर येत होता. थोड्या वेळाने भाता थांबला. मी वळले, कोट सारखा केला, आणि प्रश्न पहिल्यापासून विचारला, एकही शब्द न गाळता. त्याने 'हो' म्हटलं. तिने इतक्या मोठ्याने 'हो' म्हटलं, की पलीकडच्या खोलीत भरधावांचं वाचन मधेच थांबलं, आणि त्यांच्या समोरच्या जोडप्याला जरा श्वास घ्यायला मिळाला.

सह्या झाल्यावर बहीण मला मिठी मारायला पुढे आली, आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, मलाही सुरू झालंय. पाळी कधी येते, कधी नाही. दोनतीन महिने झाले. शिकवताना पाण्यात उतरून उभी राहते. तुला सांगणार होते, पण लग्न ठरलं आणि मग लाज वाटली. नवी नवरी आणि असलं..."

मी मागे होऊन तिच्याकडे बघितलं. मानेपासून कपाळापर्यंत लालबुंद, वरच्या ओठावर घामाचे थेंब. आत्ताच, मिठीतच, तिला झळ आली होती. आणि तिचं बघून की काय कोण जाणे, मलाही परत आली.

"जावईबापू," मी मोठ्याने म्हटलं, "इकडे या. तुमच्या बायकोला उद्या माझ्या डॉक्टरबाईंकडे न्यायचंय. तुम्हीही यायचं, आणि नीट ऐकायचं."

"येतो ना," ते म्हणाले. आणि त्यांनी अंगातला कोट काढून आम्हा दोघींना वारा घालायला सुरुवात केली. चांगला माणूस निवडलाय तिने.

तेवढ्यात फोटोवाल्याने आम्हाला खिडकीपाशी उभं केलं, मध्ये जावई, दोन्हीकडे आम्ही दोघी बहिणी, आणि फोटो काढला. त्याने कॅमेऱ्यात बघितलं, माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, दोघींचे चेहरे फार लाल आलेत. घामही चमकतोय. मी संगणकावर रंग उतरवून देतो. कुणाला कळणारही नाही."

मी बहिणीकडे बघितलं. बहिणीने माझ्याकडे.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आणि प्रत मोठी काढा. माझ्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर लावायची आहे."